सगळी कॉलनी रंगात पास

लुंबिनीने वडिलांकडे एक टेबल, दोन खुर्च्या आणि खिडकीचा उजेड, एवढंच मागितलं होतं. एवढं मागून ती गप्प बसली असती तर पुढचं रामायण टळलं असतं. पण बसमध्ये चढता चढता ती म्हणाली, "पप्पा, शिबिर आपल्या कॉलनीतच घेते. बाकीचं तेवढं तुम्ही बघा." आनंदराज सोनकांबळ्यांना कुणी 'तेवढं तुम्ही बघा' म्हटलं की त्यांच्या अंगात वारं शिरत असे. लातूरच्या एका सरकारी कार्यालयात ते अधीक्षक होते. तिथे त्यांच्याशिवाय पान हलत नाही असं ते घरी सांगत, आणि त्यांच्यामुळेच पान हलत नाही असं बाहेर लोक सांगत.

लुंबिनी नांदेडला डोळ्यांच्या दवाखान्यात होती. नजर तपासण्याचं रीतसर शिक्षण घेतलेली पोर, पण दवाखान्याने तिला बसवलं होतं चष्म्याच्या काउंटरवर, फ्रेमा पुसायला. आता तिथे रंगदृष्टी तपासायची वेगळी खोली निघणार होती. मोठ्या डॉक्टर सुकन्या मॅडम तिला म्हणाल्या होत्या, "एक शिबिर घे. लोकांना समजावून सांग, नीट तपास, आणि ज्यांना रंग ओळखायला अडचण आहे अशी माणसं शोधून दाखव. जमलं तर खोली तुझी." न जमलं तर काउंटर होताच.

जेवताना तिने सगळं उलगडून सांगितलं होतं. काही लोकांना जन्मापासून लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही. नजर चांगली असते, सुईत दोरा ओवतील, पण काही रंग एकमेकांत मिसळतात. बहुतेकांना स्वतःलाच ते ठाऊक नसतं. शंभर पुरुषांत तीन-चार तरी निघतातच. रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक असतं, त्यातले आकडे वाचायला लावले की कळतं.

"आपल्या कॉलनीत असली माणसं न्हाईत," आनंदराज वरणात लिंबू पिळत म्हणाले. "सगळे शिकलेले हायत."

कॉलनीचा हॉल कुलूपबंद होता आणि किल्ली घेऊन चेअरमन तिरुपतीला गेले होते. तेव्हा शिबिर मोकळ्या जागेत घ्यायचं ठरलं. मोकळी जागा महानगरपालिकेची. म्हणजे परवानगी आली. आनंदराज इस्त्रीचा शर्ट घालून, समव्यवसायी माणसाने दुसऱ्याच्या कचेरीत शिरावं तशा ऐटीत गेले.

"कार्यक्रमाचा प्रकार?" कारकुनाने मान वर न करता विचारलं.

"रंगदृष्टी तपासणी."

"रंगपंचमीला लई अवकाश हाय साहेब."

"रंगपंचमी न्हाई हो. डोळे. डोळ्यांना रंग दिसतेत का, ते बघायचंय."

कारकुनाने कॉम्प्युटरवर खालीवर पाहिलं. "डोळे कशातच बसत न्हाईत. विवाह, जयंती, सप्ताह, प्रचारसभा, दुखवटा. ह्याच्यातलं काय ते बोला. न्हाईतर उद्या या."

'उद्या या' हे दोन शब्द आनंदराजांनी नोकरीत इतक्या जणांना दिले होते की ते आपल्याकडे कधी परत येतील असं त्यांना वाटलंच नव्हतं. ते उद्या गेले. उद्या कारकून रजेवर होता. परवा गेले, तेव्हा त्याने आपलेपणाने सल्ला दिला, "साहेब, तुम्ही आपले सरकारी माणूस म्हणून सांगून राहिलो. दुखवटा टाका. भोंगा नसला की पोलिसाचा कागद लागत न्हाई." अशा रीतीने रविवारी सकाळी नऊ ते एक, कॉलनीच्या मोकळ्या जागेत, भोंग्याविना दुखवटा मंजूर झाला.

मग मंडप. खरं तर मंडपाची गरज नव्हती. पण मंडप नाही, तर तो कार्यक्रम कसला, असं आनंदराजांचं मत. व्यंकट मंडपवाल्याच्या गोदामात त्यांनी कापडाचे गठ्ठे पाहिले. भगवं नको, निळं नको, हिरवं नको, वैद्यकीय काम आहे, कुणाला काही वाटायला नको. एका गठ्ठ्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "हे द्या. साधं, राखाडी. शोभेल." व्यंकटने एकदा कापडाकडे आणि एकदा साहेबांकडे पाहिलं. पण गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही हे धंद्यातलं पहिलं सूत्र, म्हणून त्याने "हाव जी" म्हटलं.

इकडे कॉलनीत वेगळंच शिजत होतं. लातूर हे क्लासचं गाव. इथे 'तपासणी' म्हटलं की लोकांना 'परीक्षा' ऐकू येतं, आणि परीक्षा म्हटली की पहिला प्रश्न असतो, पेपरचा पॅटर्न काय. शेजारी श्रीशैल सर राहत. त्यांचा फिजिक्सचा क्लास होता आणि त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं डॉक्टर झाल्याचं ते दूधवाल्यालाही सांगत. सरांनी इंटरनेटवरून ठिपक्यांचं ते पुस्तक शोधून काढलं आणि पानावार उत्तरांची यादी करून कॉलनीच्या ग्रुपवर टाकली. खाली सूचना होती : 'काही पानांवर काहीही दिसत नाही. तेथे गोंधळून न जाता, काहीच दिसत नाही असे ठामपणे सांगावे.'

झालं. घराघरांतून पाठांतर सुरू झालं. बायका पोळ्या लाटता लाटता नवऱ्यांची उजळणी घेऊ लागल्या. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ तर पहाटे उठून गच्चीवर फेऱ्या मारत आकडे घोकत. सरांनी आनंदराजांनाही यादी देऊ केली. पण आनंदराजांनी हात आडवा केला. "आयोजकानं पेपर बघणं शोभत न्हाई सर." त्यांना स्वतःच्या डोळ्यांची शंका नव्हतीच. त्यांच्या मते त्यांना कुठल्याच बाबतीत कुणाच्या यादीची गरज नव्हती.

रविवारी मंडप उभा राहिला आणि लुंबिनी नांदेडहून येऊन त्याच्याखाली उभी राहिली, ती वर बघतच राहिली. गुलाबी आणि हिरव्या पट्ट्यांचं कापड. एक पट्टा गुलाबी, एक हिरवा. ऊन पडलं तसा टेबलावरही एक पट्टा गुलाबी, एक हिरवा पडला.

"पप्पा, हे काय आणलं?"

"का? साधं राखाडी हाय की."

लुंबिनी काही बोलणार तेवढ्यात माणसांचा लोंढा आला आणि ते राहून गेलं. अशी गर्दी त्या कॉलनीत मतदानालाही होत नाही. आनंदराज शाल-नारळ घेऊन सज्ज होते. मध्येच पालिकेचे दोन कर्मचारी आले, चपला काढून, हात जोडून पाच मिनिटं उभे राहिले, आणि जाताना त्यांनी हळूच विचारलं, "वय काय व्हतं?"

तपासणी सुरू झाली, आणि निकाल असा लागला की लातूरच्या कुठल्याही क्लासने पेपरात जाहिरात द्यावी. सगळे पास. एका आज्जींनी तर पुस्तक उघडायच्या आधीच डोळे मिटून पहिल्यापासून शेवटपर्यंतचे आकडे म्हणून दाखवले. गच्चीवाल्या गृहस्थांनी "काहीच दिसत नाही" हे इतक्या ठामपणे सांगितलं की खणखणीत आवाजाने आज्जींच्या काखेतलं नातवंड रडायला लागलं. लुंबिनीने मध्येच स्वतः एका पानाकडे पाहिलं. अर्धं पान गुलाबी, अर्धं हिरवं, आणि आकडा कुठल्या कुठे गेलेला.

"काका, मला ह्या उजेडात आकडा दिसत न्हाई. तुम्हाला कसा दिसला?"

"अभ्यास," खुर्चीतले काका म्हणाले.

श्रीशैल सरांनी पेढे वाटले. आनंदराज आनंदाने घरी आले, तर लुंबिनी स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून रडत होती. आई महामाया तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"शंभर टक्के निकाल लागला की गं," आनंदराज म्हणाले.

"पप्पा, सगळे पास म्हणजे मी नापास. ह्या कापडाखाली घेतलेला निकाल कुणी धरत न्हाई, आणि पाठ केलेला तर न्हाईच न्हाई. पुढच्या रविवारी सुकन्या मॅडम स्वतः बघायला येऊन राहिल्यात. त्यांना काय दाखवू, पेढे?"

आनंदराजांनी हातातला पेढा खाली ठेवला. पोरीसाठी धावाधाव केली ती त्यांनीच, आणि तिच्या वाटेत मंडप घातला तोही त्यांनीच. हे त्यांना कळलं, फार लागलं, आणि लागलं म्हणून ते व्यंकटवर जाऊन ओरडले. "मी राखाडी सांगितला व्हता!" व्यंकट म्हणाला, "साहेब, बोट तुम्हीच लावलं. म्या म्हटलं, साहेबांची काही स्कीम असंल."

दुसऱ्या रविवारी मंडप नव्हता. चेअरमन परतले होते, हॉल उघडला होता, आणि हॉलच्या उत्तरेकडच्या ओसरीवर लुंबिनीने टेबल मांडलं होतं. तिथे ऊन येत नसे, पण उजेड स्वच्छ होता. पुस्तकाची पानं सुट्टी करून तिने पत्त्यांसारखी पिसली होती. सगळं शास्त्रशुद्ध झालं होतं, माणूस मात्र एकही नव्हता. पानं पिसल्याची बातमी ग्रुपवर पोचली होती.

"पॅटर्न बदलला," श्रीशैल सर फाटकाशी उभं राहून म्हणाले. "ऐन वेळी असा बदल करणं पोरांवर, म्हणजे लोकांवर, अन्याय हाय."

दुसरीही भीती होती. कुणाची गाडी, कुणाची नोकरी, कुणाच्या पोराचं लग्न. निघालंच काही तर? त्यापेक्षा न बघितलेलं बरं. लुंबिनी घड्याळ बघत होती. मॅडमची गाडी अहमदपूर सोडून पुढे आल्याचा फोन येऊन गेला होता.

शेवटी महामाया म्हणाली, "अहो, तुम्हीच बसा खुर्चीवर. आपली माणसं सवतःला तपासायला येणार न्हाईत, पण दुसऱ्याला तपासतेत म्हटलं तर बघायला येतील."

बाई बोलली ते खरं ठरलं. अधीक्षक साहेब स्वतः परीक्षेला बसताहेत हे कळताच ओसरी भरली. आनंदराजांनी शर्टाची कॉलर नीट केली, खाकरले, आणि पहिल्या पानावरचा 'बारा' असा वाचला की जणू हजेरी घेताहेत. ते पान सगळ्यांनाच दिसतं.

दुसरं पान. "तीन," आनंदराज म्हणाले.

गर्दीतून कुणीतरी पुटपुटलं, "आठ हाय की."

तिसरं. "सत्तर."

"एकोणतीस!" श्रीशैल सरांना राहवेना.

"सर, उत्तरं फोडू नका," आनंदराज करड्या आवाजात म्हणाले. चौथं पान त्यांनी जवळ नेलं, लांब धरलं, उलटं करून पाहिलं. "हे पान छापायचं राह्यलंय. ठिपकेच हायत नुसते." पाचवंही छापायचं राहिलं होतं. सहावंही. छपाईत आजकाल किती निष्काळजीपणा चालतो यावर ते दोन वाक्यं बोलले. गर्दीत हसू पसरू लागलं होतं आणि लुंबिनीचा चेहरा मात्र उतरत चालला होता.

मग तिने आणखी एक पान समोर ठेवलं. आनंदराज ताठ झाले. "पंचेचाळीस! स्पष्ट. चार आणि पाच."

श्रीशैल सर पुढे वाकले. चष्मा काढून पाहिलं, घालून पाहिलं. "इथं काहीच न्हाई."

"न्हाई? अहो, पंचेचाळीस एवढं ढळढळीत!" आनंदराजांनी पान उचलून गर्दीला दाखवलं. कुणालाच दिसेना. आज्जींना नाही, गच्चीवाल्यांना नाही, महामायेलाही नाही. आनंदराजांची छाती फुगली. "बघा! सगळ्या कॉलनीत एकट्याला दिसलं. पाठांतर केलं की असं व्हतं. डोळे असावे लागतेत, डोळे!"

"पप्पा," लुंबिनी अगदी हळू म्हणाली, "ह्या पानावर चांगल्या नजरेला काहीच दिसत न्हाई. ज्यांना लाल-हिरवं नीट कळत न्हाई ना, त्यांनाच पंचेचाळीस दिसतं."

आनंदराजांनी पान हळूच टेबलावर ठेवलं. साठीला टेकलेला माणूस, आणि आयुष्यात पहिल्यांदा नापास झाला तो पन्नास लोकांसमोर, पोटच्या पोरीच्या हातून. गर्दीतलं कुणीतरी फिस्सकन हसलं. महामाया मात्र हसली नाही. ती पुढे आली, ओसरीवरची गर्दी विसरून नवऱ्याच्या शेजारी बसली.

"म्हणून तुम्ही आयुष्यभर कच्ची टमाटी आणता," ती म्हणाली. "अन् मी म्हणते, ह्या माणसाचं घरात लक्षच न्हाई. किती बोलले मी तुम्हाला." तिचे डोळे भरून आले. टमाट्यांवरून झालेली सगळी भांडणं आनंदराजांना एकदम आठवली, आणि त्यातल्या एकातही आपली चूक नव्हती हे कळून त्यांना, खोटं कशाला बोला, जरा बरंच वाटलं.

लुंबिनीने निकाल लिहायचा तक्ता उचलला. "पप्पा, हे आपण घरी जाऊन बोलू. मी ह्याच्यात घेत न्हाई."

ती कागदाची घडी घालू लागली, तेव्हा आनंदराजांनी तिच्याकडे पाहिलं. बापाची लाज राखायला पोर स्वतःची खोली सोडून द्यायला निघाली होती. आनंदराजांचा सगळा मानभंग त्या घडीत विरघळला. ते खुर्चीत सरळ बसले आणि ज्या आवाजाला कचेरीत शिपाई दचकत असत त्या आवाजात म्हणाले, "घडी उघड. कॉलनीसमोर तपासलंस, कॉलनीसमोर लिही. आनंदराज सोनकांबळे, नापास. अन् आता ह्यांना समजावून सांग. मी हलत न्हाई हितून. कुणाला हसायचंय त्यानं माझ्याकडं बघून हसावं."

मग लुंबिनी बोलली, आणि छान बोलली. हा आजार नाही, संसर्ग नाही, वाढत नाही. जन्माचं असतं, ते आईकडून मुलाकडे येतं. त्याला औषध नाही आणि लाजही नाही. काही मोजक्या नोकऱ्यांत अडचण येते, म्हणून तर पोरांना क्लास लावायच्या आधी तपासून घ्यावं, वर्षं वाया जात नाहीत.

"पण सिग्नल कसा कळतो साहेबांना?" गर्दीतून प्रश्न आला.

"वरचा दिवा लागला की थांबायचं," आनंदराज म्हणाले आणि मग त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "का? तुम्ही रंग बघून थांबता?"

ओसरीवर जे हसू फुटलं त्यात आता टोचणारं काही नव्हतं. त्या हशातच मॅचिंग सेंटरवाले जिलानीभाई पुढे आले. गंजगोलाईच्या बाजाराजवळ त्यांचं ब्लाउजपीसचं दुकान. प्रत्येक बाईला ते आवर्जून सांगत, "बाजी, दुकानातल्या लाइटवर भरोसा ठेवू नका, कपडा बाहेर उजेडात नेऊन बघा." एवढा इमानदार दुकानदार लातुरात दुसरा नाही, असं सगळ्या बायकांचं मत होतं.

"साब, माझं पण बघून घ्या," ते खुर्चीत बसत म्हणाले. "इमानदारी कसली हो. मला सवतःलाच कळत न्हाई, म्हणून बाहेर पाठवतो. घरात फक्त बायकोला, बेगमबीला, माहीत हाय. तीच रंग बघून कापडाचं थान काढून देते, मी नुसता कापतो."

जिलानीभाईंना पंचेचाळीस दिसलं. आनंदराजांनी उठून त्यांना मिठी मारली. "दिसलं ना? मी सांगत व्हतो!"

त्यानंतर बांध फुटला. डाळीचे एक दलाल आले, त्यांनाही निघालं. गच्चीवाले बँकवाले आले, पानं पिसल्यावर तेही निघाले, आणि सगळ्या नोकरीत आपण नोटा रंगावरून कधीच ओळखल्या नाहीत हे सांगताना ते लहान पोरासारखे हसले. आता पास होणं ही अगदी सामान्य गोष्ट झाली होती. शेवटी श्रीशैल सर बसले. त्यांना सगळे आकडे बरोबर दिसले आणि पंचेचाळीस काही केल्या दिसलं नाही. "मॅडम, एकदा नीट बघा ना," ते काकुळतीला आले. "कायतरी थोडं तरी असंल."

"मॅडम मी आहे. सर, तुम्ही आमच्या लुंबिनीला त्रास देऊ नका," मागून आवाज आला. सुकन्या मॅडम बराच वेळ गर्दीत उभ्या होत्या, त्यांना कुणी ओळखलंच नव्हतं. त्यांनी तक्ता पाहिला, ओसरीचा उजेड पाहिला, पिसलेली पानं पाहिली. मग लुंबिनीला म्हणाल्या, "स्वतःच्या वडिलांच्या निकालाची तू घडी घालत होतीस."

"हो मॅडम," लुंबिनी मान खाली घालून म्हणाली.

"ते पुन्हा करायचं नाही. बाकी खोली तुझी."

त्या दुपारी आनंदराजांनी अहमदपूरला आपल्या आईला फोन लावला. चांगुणाबाई ऐंशीच्या पुढच्या, पण कान शाबूत. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "माझ्याकडून आलं म्हणतेत? बरं झालं. तुझा बाप मरेस्तोवर म्हणायचा, माहेराहून काय आणलंस. आता हे ऐकायला पाहिजे व्हता."

खोली उघडली त्या दिवशी आनंदराज आणि जिलानीभाई एसटीने नांदेडला गेले, पुढची सविस्तर तपासणी करून घ्यायला. विष्णुपुरी मागे पडली तशी आनंदराजांनी शेजारच्या प्रवाशालाही आपला दोष सांगून टाकला, न विचारता. खोलीत लुंबिनीने वडिलांसमोर रंगीत टोप्यांची, म्हणजे बाटलीच्या झाकणाएवढ्या चकत्यांची, पेटी ठेवली आणि त्या रंगाच्या क्रमाने लावायला सांगितल्या. आनंदराजांनी त्या अतिशय आत्मविश्वासाने लावल्या, तिने कागदावर त्यांच्या क्रमाने रेघा जोडल्या तर नीट गोल व्हायच्या ऐवजी सगळ्या एकमेकींना कापून गेल्या.

"म्हणजे तुझ्यात पण उतरलं असंल हे?" त्यांनी जरा घाबरतच विचारलं.

"उतरलंय. मला त्रास न्हाई, पण उद्या मला पोरगा झाला तर त्याच्यात येऊ शकतं."

"मग?"

"मग मी त्याला पहिल्याच वर्गात तपासीन. तुमच्यासारखं साठीपर्यंत थांबू देणार न्हाई."

आनंदराज समाधानाने बाहेर आले. काउंटरवर नवीन मुलगी बसली होती. ती केसपेपर भरता भरता म्हणाली, "काका, तुम्ही पेशंट का नातेवाईक?"

आनंदराजांनी दाराकडे पाहिलं. दारावर 'रंगदृष्टी तपासणी' आणि त्याखाली 'लुंबिनी सोनकांबळे' असं लिहिलं होतं. अक्षरं कुठल्या रंगाची होती ते त्यांना सांगता आलं नसतं, आणि त्याची त्यांना काडीची पर्वा नव्हती. बाकावरच्या सगळ्या पेशंटांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "ह्या खोलीचा पहिला पेशंट मी. अन् ह्या खोलीतल्या बाईंचा बाप पण मीच. दोन्ही लिहा."